भारतीय बचाव : जुना झाला की टाकाऊ?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या जत तालुक्यातल्या एका खेड्यातले शिक्षक आपल्या एका विद्यार्थ्याला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा नववीतला, अबोल. हातात वही, आणि वहीत बुद्धिबळाचे डाव लिहिलेले. शिक्षक म्हणाले, "सर, तुम्ही इतिहासाचे. आमचा प्रश्न खेळाचा आहे, पण तो इतिहासाचाही आहे. तेव्हा तुम्हीच निकाल द्या." प्रश्न असा होता. मुलगा काळी मोहरी घेऊन खेळायला बसला की एकाच पद्धतीने बचाव करतो. शहरातल्या एका शिबिरात त्याला सांगण्यात आले, की हा बचाव आता कोणी खेळत नाही. संगणकाने तो मोडीत काढला. तू दुसरे काहीतरी शिक. मुलाला ते पटेना. त्याने एकच वाक्य विचारले, "सर, याला भारतीय बचाव म्हणतात ना? मग तो आपणच सोडायचा का?"

मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. चहा दिला, डाव पाहिले आणि दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली. त्या मुदतीत जे वाचले आणि जे जुने आठवले, ते आज श्रोत्यांपुढे ठेवतो. शिक्षकबंधूंना त्याचा थोडा उपयोग व्हावा, कारण हल्ली शाळाशाळांतून बुद्धिबळाचे पट आले आहेत, आणि काय शिकवावे, काय टाळावे हा प्रश्न पुष्कळांना पडतो.

पट समोर नसताना हा बचाव समजावून सांगणे म्हणजे तोंडी पोहायला शिकवण्यासारखे आहे. तरी प्रयत्न करतो. काळ्याने राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढायचा. त्याच बाजूचे, घोड्याच्या मूळ घरासमोरचे प्यादे एकच घर पुढे सरकवायचे. त्या प्याद्याने रिकाम्या केलेल्या घरात उंट नेऊन बसवायचा, म्हणजे त्याची तिरपी नजर पटाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जाते. वजिरासमोरचे प्यादेही एकच घर पुढे. मग किल्लेकोट करून राजा त्या उंटाच्या आड सुरक्षित. एवढे होईपर्यंत पटाचा मध्य गोऱ्याला मोकळा सोडलेला असतो. गोरा तेथे तीन, कधी चारही प्यादी आणून उभी करतो. पाहणाऱ्याला वाटते, काळा दबला. पण काळ्याची वेळ नंतर येते. राजासमोरचे किंवा वजिराकडच्या उंटासमोरचे प्यादे पुढे घालून तो त्या मधल्या भिंतीला धक्का देतो. भिंत हलली की कोपऱ्यातला उंट जागा होतो. याची अनेक रूपे आहेत आणि त्यांना निरनिराळी नावे आहेत. आपण सगळ्यांना मिळून भारतीय बचाव म्हणू.

आता नाव भारतीय का? येथे मला माझ्या आजोबांची आठवण सांगितली पाहिजे.

आमच्या गावी मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर दुपारी पट मांडला जाई. पट म्हणजे कापडाचा, चौकटी शिवून काढलेला. आमचा भाग सीमेवरचा. ओट्यावर निम्मे बोलणे कानडीत चाले. हत्तीला कोणी आने म्हणे, घोड्याला कुदुरे, उंटाला ओंटे. मी दहाबारा वर्षांचा असताना शाळेत नवे नियम शिकून आलो होतो आणि आजोबांच्या पटावर पहिल्याच चालीला राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. आजोबांनी ते उचलून एक घर मागे ठेवले आणि म्हणाले, "प्यादं पायी चालतंय, उडी मारत नाही." माझी सगळी शाळेतली विद्या तेथेच संपली.

देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाई. गावोगावी थोडाथोडा फरक असे. कोठे ठराविक प्याद्यांना दोन घरांची मुभा असे, पण सर्वसाधारण रीत ही. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल मिळे, तीही त्याला शह बसण्याच्या आधी. शेवटच्या घरात पोचलेले प्यादे वाटेल तो मोहरा होत नसे. ज्या घरात पोचले त्या घरचा मोहरा होई. एका बाजूचे सगळे मोहरे मारले जाऊन राजा एकटा उरला तर तिला बुर्जी म्हणत आणि ती पुरती मात धरत नसत. आणि प्याद्याने दिलेली मात, म्हणजे प्यादेमात, हिचा मान सर्वांत मोठा. आजोबांनी एखाद्याला प्यादेमात दिली की ती बातमी संध्याकाळपर्यंत वेशीपर्यंत जाई. कोठे कोठे तर दोघांनीही सुरुवातीच्या काही चाली एकदमच करून फौज मांडून घ्यायची आणि मग खेळाला लागायचे, अशीही चाल होती.

याचा परिणाम काय होई तो पाहा. प्यादी हळू चालत असल्यामुळे पहिल्या दहा चालींत गाठच पडत नसे. झटकन धावून जाण्यात अर्थ नव्हता. त्यामुळे प्रत्येक जण आपल्या घरातल्या घरात फौज नीट मांडी. उंटाला बाहेर पडायला वाट हवी, म्हणून बाजूचे प्यादे एक घर सरकवायचे आणि उंट तेथेच कोपऱ्याजवळ बसवायचा, हे ओघानेच येई. प्रत्येक प्याद्यामागे 'जोर' आहे की नाही हे पाहण्याची सवय हाडीमाशी खिळे. म्हणजे ज्याला आज शास्त्रीय नाव मिळाले आहे ती मांडणी कोणी विद्वानाने बसून शोधून काढलेली नव्हती. ती नियमांतून आपोआप उगवलेली सवय होती. ही गोष्ट मी मुद्दाम ठासून सांगतो. नावात भारतीय आहे म्हणून आपल्या पूर्वजांनी सगळे सिद्धान्त आधीच जाणले होते असे कोणी सांगू लागला, तर त्याला थोडे थांबवावे.

आपल्याकडे या खेळाचे लिखाण मात्र जुने आहे. मूळ पैठणच्या आणि काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातले नीलकंठ भट्ट यांनी सतराव्या शतकात रचलेल्या नीतिमयूखात बुद्धिबळाचे प्रकरण आहे. धर्मशास्त्राच्या पंडिताने राजनीतीच्या ग्रंथात खेळाला जागा द्यावी याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. पुढे 1814 साली मुंबईत तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरचा ग्रंथ मूळ संस्कृतावरून इंग्रजीत छापला गेला, आणि तो युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेला होता. पेशवाई अजून संपायची होती, पण दोन पट एकमेकांना ओळखू लागले होते, असा याचा अर्थ.

त्या दोन पटांची खरी झुंज लागली ती कलकत्त्यात. जॉन कॉक्रेन नावाचे एक स्कॉटिश वकील तेथे होते. लंडनच्या पहिल्या प्रतीच्या खेळाडूंत त्यांची गणना होई, आणि कलकत्त्यात त्यांच्याशी टक्कर देईल असा कोणी मिळेना. 1848 च्या सुमारास तेथल्या बुद्धिबळ मंडळाच्या कोणा सभासदाला बातमी लागली, की मुफसलात, म्हणजे आपल्या भाषेत खेड्यापाड्याकडे, एक ब्राह्मण आहे आणि तो आजवर कधी हरलेला नाही. हे महेशचंद्र बॅनर्जी. त्यांना कलकत्त्यास आणले गेले आणि पुढे कित्येक वर्षे ते कॉक्रेनसाहेबांशी खेळत राहिले. साहेबांनी ते डाव जपून लिहून ठेवले आणि विलायतेच्या मासिकांना पाठवले, म्हणून आज आपल्याला ते पाहायला मिळतात. आपल्या माणसाने स्वतः एक अक्षर लिहून ठेवले असते तर किती बरे झाले असते, असे इतिहासाच्या माणसाला वाटल्यावाचून राहत नाही. महेशचंद्रांना काय वाटत होते, हरल्यावर ते काय म्हणाले, यातले काही साहेबाच्या कागदांत नाही.

महेशचंद्र इंग्रजी नियमांनी खेळायला शिकले, पण हात जुनाच राहिला. राजाच्या बाजूचा घोडा, एक घर सरकलेली प्यादी, कोपऱ्यातला उंट. विलायतेतल्या वाचकांना हे विचित्र वाटले असणार. तेथे त्या काळी राजासमोरचे प्यादे दोन घरे टाकून छातीला छाती भिडवणे हाच रिवाज होता. 1884 च्या लिखाणात या मांडणीला भारतीय बचाव हे नाव आढळते, आणि त्या नावाचा संबंध महेशचंद्रांच्या याच डावांशी जोडला जातो.

आता येथे खरे बोलले पाहिजे. महेशचंद्र जिंकले किती? बहुतेक डाव कॉक्रेन यांनी जिंकले. 1855 सालचा एक डाव प्रसिद्ध आहे. त्यात महेशचंद्रांनी जी मांडणी केली तिला पुढे जवळजवळ पासष्ट-सत्तर वर्षांनी ग्रुनफेल्ड नावाच्या ऑस्ट्रियन खेळाडूचे नाव मिळाले. ज्ञात डावांत तो तिचा पहिला नमुना धरतात. आणि तो डाव महेशचंद्र हरले. हरले तेही कसे? कॉक्रेन यांनी घोडा आत घुसवून, वजीर बळी देऊन, काळ्याच्याच हत्तीने कोंडलेल्या राजाला घोड्याने मात देण्याची तरतूद केली. अठरा-वीस चालींत सारे आटोपले.

पण त्याच काळातला दुसरा एक डाव आहे. त्यात कॉक्रेन यांनी चारही मधली प्यादी पुढे लोटली. ही भिंत पाहून आजचा शाळकरी मुलगा घाबरून जातो. महेशचंद्रांनी सातव्या चालीला राजासमोरचे प्यादे पुढे घालून भिंतीला धक्का दिला. नवव्या चालीला घोड्याने मधले प्यादे मारून तो घोडाच देऊन टाकला. मग आपली प्यादी अशी पुढे सोडली, की गोऱ्याच्या घोड्याने काळ्याचा वजीर मारला, तरी त्याच क्षणी काळ्याच्या प्याद्याने वाट मोकळी करून उंटाला गोऱ्याच्या वजिरावर सोडले. हिशेब फिटला, आणि गोऱ्याचा राजा मात्र उघडा पडला. तो डाव महेशचंद्रांनी जिंकला. मी तो पटावर मांडून पाहिला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि घरचे सगळे झोपले होते. नाहीतर कोणाला तरी हाक मारून दाखवला असता.

या दोन डावांत बचाव एकाच कुळीचा. एकात मात, दुसऱ्यात विजय. तेव्हा बचाव चांगला की वाईट हे विचारण्याआधी, धक्का वेळेवर बसला की नाही हे पाहावे लागते. मुलाच्या वहीतले डाव मी पुन्हा काढले. हरलेल्या सात डावांपैकी पाचांत त्याने हा धक्का बारा-तेरा चालींपर्यंत लांबवला होता. तोवर गोऱ्याने गळा आवळला होता. दोष बचावाचा नव्हता, उशिराचा होता. जतच्या माणसाला थांबणे शिकवावे लागत नाही. पाऊस त्याला ते शिकवतो. पण ओल आल्यावरही पेरणी लांबवली तर काय होते, हेही त्याला ठाऊक असते.

आता 'फॅशन'कडे वळू. या बचावाला मान मिळाला आणि गेला, असे एकदा नव्हे, अनेकदा झाले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीचे डॉक्टर टाराश यांच्यासारख्या पंडितांचे राज्य होते. मध्य प्याद्यांनी धरा, दाटीवाटीची जागा घेऊ नका, असे त्यांचे सांगणे. त्या फूटपट्टीने आपला बचाव नापास. पहिल्या महायुद्धानंतर निम्झोविच, रेटी, ब्रायर अशा तरुण मंडळींनी बंड केले. मध्य प्याद्यांनी भरलाच पाहिजे असे नाही, तो दुरून मोहऱ्यांनी धाकात ठेवता येतो, असे ते म्हणू लागले. 1925 च्या सुमारास निम्झोविच यांचे पुस्तक आले आणि जी गोष्ट मुफसलातला महेशचंद्र सवयीने करीत होता, तिला तत्त्वज्ञान मिळाले.

त्याच काळात आपल्याकडून एक माणूस विलायतेस गेला. पंजाबातला मीर सुलतान खान. सर उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरी तो होता. देशी नियमांवर वाढलेला. युरोपीय नियम त्याने मोठेपणी शिकले. 1928 साली अखिल भारतीय अजिंक्यपद, आणि 1929, 1932 व 1933 असे तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद त्याने मिळवले. 1930-31 च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने कापाब्लांका यांना हरवले. कापाब्लांका म्हणजे काही वर्षांपूर्वीचे जगज्जेते. सुलतान खानला पुस्तकी सुरुवाती फारशा येत नव्हत्या. जी शांत, एकेक घर सरकणारी मांडणी त्याला येत होती, ती घेऊन तो मधल्या डावापर्यंत पोचे, आणि तेथून पुढे भल्याभल्यांना ऐकत नसे. 1933 च्या अखेरीस मालकाबरोबर तो परत आला आणि पुढे मोठ्या स्पर्धांत दिसला नाही. 1966 साली तो वारला. जागतिक संघटनेने त्याला सन्मान्य ग्रँडमास्टर केले ते 2024 साली. असो, मान मिळाला हे काय थोडे झाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे युक्रेनच्या बोलेस्लाव्स्की, ब्रॉनस्टाईन वगैरे खेळाडूंनी हा बचाव नव्याने नांगरला. 1953 च्या झुरिकच्या मोठ्या स्पर्धेत तो वारंवार खेळला गेला. त्याच वर्षी अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता येथे नायदोर्फ आणि ग्लिगोरिच यांच्यात जो डाव झाला, त्यावरून एका अतिशय झणझणीत प्रकाराला त्या गावाचे नाव पडले. त्या प्रकारात गोरा वजिराच्या बाजूने आणि काळा राजाच्या बाजूने असे दोघेही धावतात, आणि आधी कोण पोचतो एवढाच प्रश्न उरतो. ताल खेळले, फिशर खेळले. 1990 च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कास्पारोव्ह यांनी कारपोव्ह यांच्याविरुद्ध तो वापरला. हा त्याचा भरभराटीचा काळ.

गंमत अशी, की जग जेव्हा भारतीय बचावामागे धावत होते, तेव्हा भारतात भारतीय पट मागे पडत होता. 1951 साली अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. 1955 साली आंध्रातल्या एलुरू येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. तेथे आपल्या महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या हे दोघे संयुक्त विजेते ठरले. नियम आंतरराष्ट्रीय. 1961 साली मॅन्युएल आरन पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर झाले. आमच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी 1941 साली नूतन बुद्धिबळ मंडळ काढले होते, आणि या मंडळाच्या स्पर्धांमुळे दक्षिण महाराष्ट्रातल्या मुलांना नव्या नियमांनी, घड्याळ लावून, चाली लिहून खेळण्याची सवय लागली. हे मोठे काम झाले यात शंका नाही. देवळाच्या ओट्यावरचा खेळ मात्र त्या वहीत कधी उतरला नाही. माझ्या आजोबांचा एकही डाव लिहिलेला नाही. मलाही ते तेव्हा सुचले नाही, आणि आता विचारायला ओट्यावर कोणी उरले नाही.

यानंतर उतरती कळा. 1990 च्या दशकात रशियाच्या क्रामनिक यांनी वजिराच्या बाजूचे एक प्यादे लौकर दोन घरे पुढे ढकलून काळ्यापुढे अवघड कोडे टाकले, आणि पुढे कास्पारोव्ह यांनीही हा बचाव सोडला. मग संगणक आले. आज चांगल्या संगणकाला ही मांडणी दाखवली, की तो गोऱ्याच्या पारड्यात साधारण अर्ध्या प्याद्याएवढे, कधी त्याहून थोडे जास्त वजन टाकतो. संगणकाला घाबरण्याची सवय नाही आणि जागा जास्त असली तर ती कशी राखावी हे त्याला पक्के कळते. म्हणून सर्वांत वरच्या पातळीवर, जेथे खेळाडू महिनोन्महिने संगणकाशेजारी बसून तयारी करतात, तेथे हा बचाव कमी झाला. अझरबैजानचे राजाबोव्ह, अमेरिकेचे नाकामुरा अशांनी तो मधूनमधून उचलून धरला, पण मोसम गेला तो गेला.

तेव्हा शिबिरातले गुरुजी चुकीचे बोलले का? नाही. जे वरच्या माळ्यावर खरे आहे ते त्यांनी सांगितले. फक्त आमचा मुलगा त्या माळ्यावर राहत नाही, एवढे ते विसरले.

अर्ध्या प्याद्याचा तोटा म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. तो तोटा गोऱ्याने पुढच्या वीस-पंचवीस चाली बिनचूक केल्या तरच वसूल होतो. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या स्पर्धेत समोर बसलेला मुलगाही नववीतलाच असतो. त्यानेही मोबाईलवर पाहून दहा चाली पाठ केलेल्या असतात. अकराव्या चालीला दोघेही एकाच अंधारात. तेथे ज्याला आपल्या मांडणीचा स्वभाव ठाऊक आहे, उंट कशासाठी कोपऱ्यात बसला, धक्का कोठे द्यायचा, घोडा मागे घेऊन कोणते प्यादे पुढे सोडायचे, हे ज्याला कळते, त्याचे पारडे जड. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. या बचावात गोऱ्याने पहिली चाल कोणतीही केली तरी काळ्याची मांडणी जवळजवळ तीच राहते. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही, ज्याला सांगलीला जाऊन महागडा वर्ग लावणे परवडत नाही, त्या मुलाला एकच शेत नीट कसता येते. दहा सुरुवाती अर्ध्या-अर्ध्या शिकण्यापेक्षा ते बरे.

याउलटही सांगितले पाहिजे. नाहीतर मी वकिली करतो असे व्हायचे. अगदी नवशिक्या मुलाला हा बचाव शिकवू नये असे माझे मत आहे. पाचवी-सहावीच्या पोराने आधी राजासमोरचे प्यादे दोन घरे टाकून खुला डाव खेळावा. मोहरे लौकर भिडतात, मार पडतो, मार देता येतो. शह कसा द्यावा, दुहेरी मारा कसा करावा हे त्यातच शिकायला मिळते. आडोशाला बसून खेळायला शिकवले तर पोरगे आडोशालाच बसते. दोन-तीन वर्षे असे खेळल्यावर मग इकडे यावे. शिवाय ज्याचा जीव दाटीत गुदमरतो, ज्याला पंधरा मिनिटे आपली जागा आवळली जात असताना स्वस्थ बसवत नाही, त्याने हा बचाव घेऊ नये; त्याला त्यात सुख नाही. आणि ज्याला आपल्या मुलाला थेट राष्ट्रीय पातळीवर न्यायचे आहे त्याने जोडीला दुसरा एखादा भक्कम बचाव आतापासून शिकवावा. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 साली महिलांचा विश्वचषक जिंकला, तो एकाच शेतावर जगून नव्हे.

आणि ते 'भारतीय' नाव? मुलाचा प्रश्न तेथेच अडला होता. मी त्याला सांगितले, की नावासाठी खेळू नकोस. महेशचंद्रांनी तो नावासाठी खेळला नाही. त्यांना तसेच खेळता येत होते म्हणून खेळले. नाव साहेबांनी दिले. उद्या संगणकाने त्याला वाह्यात ठरवले म्हणून आजोबांची बेअब्रू होत नाही, आणि परवा पुन्हा एखाद्या जगज्जेत्याने तो उचलला म्हणून आपली छाती फुगवण्याचेही कारण नाही. तुला त्या मांडणीत वाट दिसते का, एवढेच पाहा. दिसत असेल तर खेळ. मात्र धक्का सातव्या-आठव्या चालीला द्यायचा विचार कर, तेराव्याला नव्हे.

मुलगा ऐकून घेत होता. मग त्याने वही पुढे ओढली आणि महेशचंद्रांचा तो जिंकलेला डाव उतरवून घेतला. शिक्षक मला हळूच म्हणाले, "सर, हरलेलाही द्या." मी दोन्ही दिले.

पावसाळ्यानंतर जिल्ह्याची एक स्पर्धा झाली. चौथ्या फेरीत समोरच्या मुलाने चारही प्यादी पुढे लोटली. आमच्या मुलाने आठव्या चालीला धक्का दिला. बाविसाव्या चालीपर्यंत त्याचे उत्तम चालले होते. तेविसाव्याला त्याने कोपऱ्यातला उंट घोड्याशी बदलला आणि शेवटी डाव गमावला. चाली लिहिलेला कागद त्याने मला आणून दिला आहे. तो उंट ठेवायला हवा होता असे माझे म्हणणे. ठेवला असता तर वजिराला घर राहिले नसते असे त्याचे. गेल्या रविवारी पट तेथवर मांडून आम्ही दोन तास बसलो होतो, आणि शिक्षकांनी अजून कोणाच्याच बाजूने मत दिलेले नाही.